फाटकावरचा पाहुणा

डोक्यावर कर्ज, घरात सव्वा वर्षाचं बाळ आणि वय अठ्ठावीस! अशा एका हिवाळ्यात क्लोद मोनेने कुंपणावर बसलेला एक साधा पक्षी रंगवला. चित्र रिजेक्ट झालं. आज तेच चित्र पॅरिसच्या एका मोठ्या म्युझियमचं लाडकं आहे. आणि आपल्या बिल्डिंगच्या मागे रोज येणाऱ्या पक्ष्याबद्दलही ते बरंच काही सांगतं.

सकाळचे पावणेसात. चहा गार झालेला, लॅपटॉप उघडा आणि इनबॉक्समध्ये एक मेल : 'लेख चांगला आहे, पण सध्या आमच्या अंकात बसत नाही.' त्या महिन्यातला हा तिसरा. फ्रीलान्सिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य तोंडपाठ असतं. 'चांगला आहे' आणि 'पण' यांच्या मध्ये आपण जेमतेम एक सेकंद खूश असतो, बस्स!

लॅपटॉप मिटला आणि मागच्या खिडकीत जाऊन उभी राहिले.

आमच्या बिल्डिंगच्या मागे अंगण म्हणावं असं काही नाही. आठ-दहा फुटांची एक पट्टी, एक जास्वंद, एक कढीपत्ता, वॉचमनकाकांच्या दोन बादल्या आणि कंपाउंडची पांढरी भिंत. त्या भिंतीवर एक दयाळ बसला होता. दयाळ तुम्ही नक्की पाहिलाय, नाव माहीत नसेल एवढंच. बुलबुलाएवढा, काळाभोर, पंखावर पांढरा पट्टा, पोट पांढरं आणि शेपूट सतत वर. थंडीत हा गप्प असतो. पण एप्रिल-मेमध्ये सकाळी सकाळी जी लांबलचक शीळ ऐकू येते ना, ती बहुतेक वेळा याची, म्हणजे नराची. मादीला काळ्याच्या जागी राखाडी रंग मिळालाय.

त्या दिवसांत मी दर शनिवारी ऑइल पेंटिंगच्या क्लासला जात होते. सरांनी होमवर्क दिला होता : घराजवळचा एखादा पक्षी. मी लगेच मोबाइल काढला, झूम केलं, वीस फोटो घेतले आणि आठवडाभर राबून दयाळ रंगवला. डोळा, चोच, पिसं, नखं. सगळं बरोबर! शनिवारी कॅनव्हास सरांसमोर ठेवला. सर बराच वेळ बघत राहिले.

'पक्षी छान बसलाय. शाळेतल्या तक्त्यावर असतो तसा,' ते म्हणाले. मग विचारलं, 'भिंत कुठल्या रंगाची आहे?'

'पांढरी.'

'कशावरून?'

'सर, पांढरीच आहे. दिवाळीला रंग दिलाय.'

'तो सोसायटीने दिला. तू काय पाहिलंस?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. पानभर बर्फ होतं. डावीकडे एक लाकडी फाटक आणि त्यावर एक छोटासा काळा-पांढरा पक्षी.

एक पक्षी, बाकी सगळं ऊन

ते चित्र होतं क्लोद मोनेचं 'ला पी', म्हणजे 'मॅगपाय'. साल १८६८-६९चा हिवाळा, जागा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं एत्रता हे गाव. कॅनव्हासवर तैलरंग, ८९ बाय १३० सेंटिमीटर. आपल्या भाषेत साधारण तीन फूट बाय सव्वाचार फूट.

चित्रात 'घडत' काहीच नाही. फांद्यांनी विणलेलं एक कुंपण आहे, त्यावर बर्फाचा जाड थर. मागे झाडं, त्यांच्याआड घराची पांढरी झालेली छपरं. ऊन पलीकडून येतंय, त्यामुळे कुंपणाची सावली थेट आपल्या दिशेने पसरलीये. माणूस एकही नाही. आणि फाटकाच्या सगळ्यात वरच्या दांड्यावर तो मॅगपाय. त्या फाटकाच्या आडव्या दांड्या बघून मला पहिलीतली दुरेघी वही आठवली, आणि त्यावर नेमका दिलेला अनुस्वार म्हणजे हा पक्षी. आकाराने एवढासा. पण बोटाने झाकून बघा, अख्खं चित्र ओकंबोकं होतं.

आता गंमत बघा. मॅगपाय हा युरोपात अगदी घरामागचा पक्षी. कावळ्याच्या कुळातला, हुशार, आगाऊ आणि चोर म्हणून बदनाम. (बदनामी सोडा, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काही मॅगपायनी आरशात स्वतःला ओळखलं होतं! गळ्याखाली चिकटवलेला रंगीत ठिपका आरशात दिसल्यावर ते तो स्वतःच्याच अंगावरून काढायला बघत होते.) आपल्याकडे त्याचा नातेवाईक शोधायचा तर तो टकाचोर. आमच्या भिंतीवरच्या दयाळला इंग्रजीत 'मॅगपाय रॉबिन' म्हणतात खरं, पण ते फक्त कपड्यांच्या रंगामुळे. नातं काही नाही.

म्हणजे मोनेने गरुड नाही निवडला, हंस नाही, मोर तर नाहीच. गल्लीतला भुरटा निवडला. आणि तोही असा रंगवला की पिसं मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही. चार-सहा फटकारे, एवढंच. जवळून तो रंगाचा डाग आहे, दोन पावलं मागे गेलं की जिवंत पक्षी!

अठ्ठाविसाव्या वर्षीचा हिवाळा

हे चित्र आवडलं म्हणून मी मोनेबद्दल वाचायला घेतलं आणि वाचता वाचता जरा हादरलेच. आपल्या डोक्यातला मोने म्हणजे पांढरी दाढी, कमळांचं तळं, मोठी बाग. हा मोने तो नव्हे. जन्म नोव्हेंबर १८४०चा. म्हणजे 'ला पी' रंगवताना वय अठ्ठावीस. तुमच्या-माझ्या एवढाच!

आणि परिस्थिती? १८६७च्या ऑगस्टमध्ये त्याला आणि कामीयला मुलगा झाला, ज्याँ. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं आणि मोनेच्या घरच्यांना हे नातं मान्य नव्हतं. पैशांचा कायम खडखडाट. १८६८च्या जूनमध्ये त्यांना राहत्या खानावळीतून बाहेर काढलं गेलं. त्याच दिवसांत त्याने आपल्या मित्राला, चित्रकार फ्रेदरिक बाझीयला लिहिलं, की काल मी इतका खचलो होतो की पाण्यात उडी मारण्याचा मूर्खपणा केला, सुदैवाने काही झालं नाही. त्याच वर्षी ल हाव्रच्या प्रदर्शनातली त्याची चित्रं देणेकऱ्यांनी जप्त केली.

बाझीय म्हणजे प्रत्येक ग्रुपमध्ये असतो ना, तसा मित्र. त्याने मोनेचं एक मोठं चित्र २५०० फ्रँकला विकत घेतलं होतं. एकदम देणं जमणार नव्हतं, म्हणून महिन्याला ५० फ्रँक. चक्क ईएमआय!

मग ल हाव्रचा एक व्यापारी, गोदिबेर, मदतीला आला. बायकोचं पोर्ट्रेट काढायला दिलं आणि पैशांचा थोडा आधार दिला. त्यावर मोनेने एत्रतामध्ये छोटंसं घर भाड्याने घेतलं. तो, कामीय आणि सव्वा वर्षाचा ज्याँ. डिसेंबरमध्ये त्याने बाझीयला पुन्हा पत्र लिहिलं आणि या पत्राचा सूरच वेगळा आहे. घर आहे, शेकोटी आहे, आवडती माणसं जवळ आहेत, दिवसभर बाहेर हिंडायला मिळतंय आणि हा मुलूख उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच जास्त सुंदर वाटतो, असं तो सांगतो.

त्याच हिवाळ्यातलं हे चित्र. आता पुन्हा बघा त्या घराच्या छपराकडे, फाटकाकडे. कर्ज फिटलेलं नव्हतं, पुढच्या वर्षाची काही खात्री नव्हती. फक्त एका सकाळी बर्फावर ऊन पडलं होतं, फाटकावर पक्षी होता आणि बघायला वेळ होता.

थंडीत बाहेर चित्र काढणं हा त्याच्यासाठी नवा प्रकारही नव्हता. त्याआधीच्या एका हिवाळ्यात ओंफ्लरजवळ एका पत्रकाराने त्याला पाहिलं होतं. बर्फात आधी एक छोटी शेगडी दिसली, मग ईझल, मग तीन ओव्हरकोट आणि हातमोजे घातलेला, अर्धवट गोठलेला एक गृहस्थ! आपण एसी जरा जास्त झाला तर एचआरला मेल करतो.

सावली निळी कशी?

सरांनी मला हे चित्र दाखवलं, ते बर्फासाठी नव्हे. त्या सावलीसाठी. कुंपणाची ती लांब सावली काळी नाही, करडी नाही, तपकिरी नाही. ती निळी आहे, मध्येच जांभळट. आणि जिथे ऊन पडलंय तिथला बर्फही पांढरा नाहीये. तो पिवळसर, गुलाबीसर, सायीच्या रंगाचा आहे.

हे मोनेच्या मनाचे खेळ नव्हेत, साधं सायन्स आहे. सूर्याचा थेट प्रकाश किंचित पिवळट असतो. सावलीत तो पोचत नाही. मग सावली उजळते कशाने? वरच्या निळ्या आकाशाने. म्हणून स्वच्छ दिवशी पांढऱ्या पृष्ठभागावरची सावली निळसर असते. शिवाय शेजारी शेजारी असलेले रंग एकमेकांना भडकवतात. उन्हाचा पिवळेपणा जवळ असला की सावलीचा निळा-जांभळा आणखी उठून दिसतो. मिशेल शेव्हरल या फ्रेंच केमिस्टने १८३९ साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. पॅरिसमध्ये गालिचे आणि पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथेच त्याच्या लक्षात आलं, की धाग्याचा रंग फिका वाटतो तो कधी कधी शेजारच्या धाग्यामुळे.

मग आपल्याला सावली निळी का दिसत नाही? कारण आपला मेंदू फार शहाणा आहे. 'भिंत पांढरी आहे' हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो निळा वजा करून टाकतो. मोबाइलचा कॅमेराही रंग आपल्या हिशेबाने 'दुरुस्त' करून देतो. म्हणजे मी आठवडाभर जो पक्षी रंगवला, तो आधी फोनने आणि मग मेंदूने एडिट केलेला होता!

मोनेने केलं ते एवढंच. जे माहीत आहे ते बाजूला ठेवलं आणि जे दिसतंय ते रंगवलं. याला इंप्रेशनिझम म्हणतात. मराठीत त्याला 'दृक्‌प्रत्ययवाद' असा भारदस्त शब्द आहे, पण गोष्ट तितकी भारदस्त नाही. नजरेवर पहिला ठसा उमटतो ना, तो पुसायच्या आत पकडायचा.

तंत्रानेही साथ दिली होती. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी पिळायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे. ट्यूब आली आणि स्टुडिओ खांद्यावर टाकून शेतात नेता येऊ लागला. कारखान्यात बनलेला स्वस्त अल्ट्रामरीन निळाही तोवर बाजारात होता. पूर्वी हा रंग लॅपिस लाझुली या महागड्या दगडापासून बनायचा. एवढ्या सावलीभर तो उधळायचा तर किंमत परवडायला नको?

'सॉरी, बसत नाही'

आता मेलचा मुद्दा. त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचं करिअर म्हणजे सलाँ. पॅरिसमधलं अधिकृत मोठं प्रदर्शन. ज्युरीने चित्र घेतलं तर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार, नाही तर विसरा. मोनेने १८६९च्या सलाँसाठी 'ला पी' पाठवलं आणि सोबत समुद्रातल्या मासेमारीच्या बोटींचं एक चित्र. ज्युरीने दोन्ही नाकारली.

ज्युरीच्या बाजूने विचार केला तर धक्का समजू शकतो. शिस्तीतल्या चित्रात सावली गडद आणि तपकिरी असायची, फटकारे घोटून गुळगुळीत केलेले असायचे, विषयात एखादी गोष्ट असायची. इथे गोष्ट नाही, माणूस नाही, फटकारे उघडे आणि सावली निळी!

अशा लेखात इथे साधारणपणे 'पण त्याने हार मानली नाही आणि...' असं वाक्य येतं. तसं पटकन काही झालं नाही, बरं का. १८७०च्या सलाँनेही मोनेला नकार दिला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने कामीयशी लग्न केलं. नोव्हेंबरमध्ये युद्धात बाझीय मारला गेला. तोही अठ्ठावीस वर्षांचाच होता. १८७४ साली मोने आणि मित्रांनी सलाँला वळसा घालून स्वतःचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा लुई लरुआ या टीकाकाराने त्यांची टर उडवण्यासाठी 'इंप्रेशनिस्ट' हा शब्द वापरला. टर विरली, शब्द राहिला.

आणि 'ला पी'? ते १९८४ साली म्युझे दॉर्सेच्या संग्रहात आलं. हे म्युझियम म्हणजे पॅरिसचं जुनं रेल्वे स्टेशन. १९८६ साली ते लोकांसाठी खुलं झालं. ज्या चित्राला एका प्रदर्शनात जागा नव्हती, त्यासमोर आज लोक गर्दी करतात. पण मला खरं सांगायचंय ते हे, की यातलं काहीही त्या सकाळी मोनेला माहीत नव्हतं. आणि चित्रात ती सकाळच आहे, पुढचं यश नाही.

ट्राय करून बघा! : मागच्या खिडकीतला पक्षी

* आधी बघा, मग रंगवा : दोन-तीन दिवस एकाच वेळी, एकाच खिडकीतून बघा. पक्ष्यांच्या जागा ठरलेल्या असतात. जागा आधी रंगवून ठेवा, पक्षी येईल तेव्हा येईल.
* डोळे बारीक करा : पिसं गायब होतात, उरतात फक्त उजेड आणि अंधाराचे तुकडे. ते तीन-चार तुकडे आधी मांडा.
* काळ्याची ट्यूब बंद : अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळा. जिवंत काळा मिळतो, हवा तर निळ्याकडे, हवा तर तपकिरीकडे झुकणारा.
* छोटा कॅनव्हास, मोठा ब्रश : आठ बाय दहा इंच पुरे. मोठ्या ब्रशने पिसं काढताच येत नाहीत, हाच फायदा!
* दीड-दोन तासांत थांबा : तेवढ्यात ऊन सरकतं. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे ओल्यावर ओला रंग लावता येतो, पण फार घोटलात तर चिखल होतो.
* फ्लॅटमध्ये राहता ना? : टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका.

भिंतीला रंग किती?

पुढच्या रविवारी साडेसहाला मी मागच्या खिडकीत टेबल लावलं. मोबाइल मुद्दाम आत ठेवला. पहिली वीस मिनिटं भिंत पांढरीच होती. शपथ! मग ऊन आलं आणि जास्वंदीची सावली भिंतीवर पडली. मी डोळे बारीक केले. ती सावली निळी होती. पिकलेल्या जांभळाचा हात लागल्यासारखी, फिकट. फुलाजवळ भिंत चक्क गुलाबी झाली होती. वरचा काठ लोण्यासारखा पिवळा. तीन वर्षं या खिडकीत उभी राहून फोनवर बोलतेय मी, आणि ही भिंत मला पहिल्यांदा दिसत होती.

दयाळ आला सात वाजून गेल्यावर. जेमतेम पाच मिनिटं बसला, शेपूट दोनदा उडवली, एक शीळ मारली आणि गेला. मला मिळाले तेवढे चार फटकारे. एक अंगाचा, एक शेपटीचा, पंखावर एक पांढरा आणि पायाशी भिंतीवर निळी सावली. डोळा राहिलाच. चोच जरा वाकडी झाली.

चित्र काही ग्रेट नाहीये. सर म्हणाले, 'आता तो भिंतीवर बसलाय. आधी कागदावर बसला होता.' सरांच्या तोंडून हे म्हणजे बक्षीसच. पण खरी दाद दिली आईने. ओला कॅनव्हास स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, 'अगं, हे आपलं मागचं ना? सकाळचं?' पक्षी कुठला ते तिने विचारलंही नाही. तिने सकाळ ओळखली.

त्याच आठवड्यात चौथा मेल आला. 'चांगला आहे, पण...' वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू? फ्रीलान्सिंग सोडून नोकरी बघावी का, हा प्रश्न अजून तसाच आहे. एका पक्ष्याने तो सुटत नाही. फक्त आता मेल वाचायच्या आधी मी मागच्या खिडकीत जाऊन येते.

तुम्हीही उद्या ऑफिसला निघायच्या आधी पाच मिनिटं काढा. गॅलरी, जिन्याची खिडकी, पार्किंगची भिंत, काहीही चालेल. दयाळ नसेल तर साळुंकी असेल, बुलबुल असेल, नाही तर कावळा तर नक्कीच असेल. त्याच्याकडे बघा आणि मग त्याच्या सावलीकडे बघा. आणि सावलीचा रंग कोणता, असं कुणी विचारलं, तर पटकन 'काळा' म्हणू नका.